पत्रास कारण की... दगड!

आजोबांच्या पिढीची पत्रं कधी वाचली आहेत का तुम्ही? आमच्या गावच्या घरी एका तारेला ओवलेली शेदीडशे सापडतील. वर कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग 'सा. न. वि. वि.', मग एका ओळीत इकडील सर्व क्षेम, आणि लगेच 'पत्रास कारण की'. या तीन शब्दांनंतर माणूस मुद्द्यावर यायचाच. यावंच लागायचं, पोस्टकार्डावर जागा टीचभर. आणि तार असेल तर मग विचारूच नका, शब्दागणिक पैसे. (आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून तारा केल्या होत्या.)

आता आपल्याकडे जागा भरपूर, पैसे शून्य, आणि 'कारण की' मात्र गायब.

सोमवारी सकाळी मेलबॉक्स उघडला की काय दिसतं? विषय : 'फॉरवर्ड : रिप्लाय : रिप्लाय : हाय'. आत चौदा जणांना पाठवलेला एकोळी मजकूर, 'प्लीज डू द नीडफुल'. अहो पण कुणी? चौदातल्या प्रत्येकाला वाटतं उरलेल्या तेरापैकी कुणीतरी करेल. गुरुवारी बोंब होते आणि मग सगळे जण 'पण मेल तर केला होता ना!' असं म्हणत एकमेकांकडे बघतात.

मेलचे शिष्टाचार म्हटलं की बहुतेकांना नोकरीच्या पहिल्या दिवशीची ती स्लाइड आठवते. एसी फुल्ल, पोटात फुकटचं जेवण, आणि समोर कुणीतरी टू, सीसी आणि बीसीसी यांतला फरक सांगतंय. तिथे अर्धी बॅच झोपते. पण आज जे सांगायचंय ते त्या खोलीतलं नाही, सह्याद्रीतलं आहे. मेल नीट लिहिणं म्हणजे काय, हे मला कुठे दिसलं असेल तर ते हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हरिश्चंद्रगड साधारण १४०० मीटर उंच. बहुतेक लोक खिरेश्वरहून टोलार खिंडीतून किंवा पाचनईहून चढतात. दम लागतो, पण वाटा मळलेल्या आहेत. गडाच्या पश्चिमेला तो सुप्रसिद्ध कोकणकडा, आत वळलेला, अर्धगोल, पोटात घालून बसल्यासारखा. या कड्याच्या शेजारून एक अरुंद घळ खाली कोकणात उतरते, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याच्या दिशेने. तीच नळीची वाट. 'वाट' हा शब्द इथे फार उदारपणे वापरला आहे. आधी ओढ्यातले घरांएवढे धोंडे, मग घसारा, म्हणजे पाय ठेवला की सगळी जमीनच खाली निघते असा उतार, आणि मधे मधे सरळ कातळटप्पे, जिथे दोर लावल्याशिवाय शहाण्या माणसाने जाऊ नये. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नळी ही नळीच आहे. वर सुटलेला दगड दुसरीकडे कुठे जाणार? तो तुमच्याकडेच येणार.

आम्ही कॉलेजचे मित्र. त्यातल्या एकाने १३ जानेवारी २०२४ चा शनिवार ठरवला. सोमवारी संक्रांत. या मित्राला आम्ही लीडर म्हणतो, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाच्या खोलीवर कुणी काय आणायचं हेही तोच ठरवायचा. इथेही नाव नको, लीडरच म्हणू.

लीडरचा पहिला मेल सगळ्या जुन्या ग्रुपला गेला, तेवीस जणांना. आता तुम्ही म्हणाल व्हॉट्सअ‍ॅप असताना मेल कशाला? त्याचं म्हणणं, व्हॉट्सअ‍ॅपवर प्लॅन टाकला की तो दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. पण तेवीस जणांना गेलेल्या मेलचं जे होतं तेच झालं. 'काउंट मी इन', '+१', 'ट्राय करतो', 'जेवायला काय आहे?', एकाने जुना लग्नाचा फोटो जोडला, त्यावर अकरा रिप्लाय. दोघांनी 'मला या थ्रेडमधून काढा' असं सगळ्यांना कळवलं. मेल चाळीस, जाणारं माणूस कोण ते कळेना.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. १९९७ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये एका अंतर्गत यादीवर, जिच्यात सुमारे १३ हजार लोक होते, कुणीतरी 'मी या यादीत का आहे, मला काढा' असा मेल टाकला. त्यावर 'मलाही काढा', 'मलाही', आणि मग 'अरे सगळ्यांना रिप्लाय करू नका' असं सगळ्यांनाच रिप्लाय करून सांगणारे. कंपनीचे मेल सर्व्हर आडवे झाले. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांना गेला, तिथेही हेच. म्हणजे गेल्या पंचवीसतीस वर्षांत आपण क्लाउडपर्यंत पोचलो, पण 'रिप्लाय ऑल'च्या बटणापाशी अजून तिथेच उभे आहोत.

असो. लीडरने चार दिवस वाट पाहिली आणि दुसरा मेल केला. फक्त सहा जणांना, म्हणजे ज्यांनी पक्कं सांगितलं होतं त्यांना. लीडर स्वतः, क्यूए (बाई टेस्टर आहेत, आयुष्यातही), नाशिककर, बंगळूरहून रात्रीच्या बसने येणारा एक जण (तो 'बंगळूर'), आमच्यातला एकमेव बिगर-आयटी माणूस म्हणजे सीए, आणि मी. मेलात वाटेचं खरं वर्णन होतं, गोड केलेलं नाही. शेवटी तीन प्रश्न होते. रक्तगट कोणता? औषधं, जुनी दुखणी? उंचीची भीती वाटते का? आणि खाली एक ओळ : 'या प्रश्नांची उत्तरं फक्त मला द्या, सगळ्यांना नको. दोर, गाडी, जेवण यांवरचे प्रश्न मात्र सगळ्यांसमोर विचारा.'

ही एक ओळ मला त्या स्लाइडपेक्षा जास्त शिकवून गेली. कुठली गोष्ट एकाला सांगायची आणि कुठली सगळ्यांना, हे त्याने विचारपूर्वक ठरवलं होतं. सीएला उंचीची भीती वाटते, हे त्याने लीडरला एकट्याला कळवलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. लीडरने फक्त चालायचा क्रम लावताना त्याला तिसरा ठेवला, पुढे मामा आणि लीडर, मागे क्यूए. तो स्वतःहून बोलला तो दुसऱ्या दिवशी, गड उतरताना. 'सगळ्यांना कळलं असतं तर मी आलोच नसतो रे' असं म्हणाला.

उलट क्यूएने सगळ्यांसमोर विचारलं, 'दोर एकच का? वाटेत अडकला, कापला गेला, किंवा दोन माणसं दोन टप्प्यांवर असली तर?' बंगळूरला ते जरा झोंबलं, तो म्हणाला दरवेळी एकच असतो, उगाच वजन वाढवू नका. क्यूएने परत लिहिलं, न चिडता, तीन ओळीत. लीडरने उत्तर दिलं, 'बरोबर आहे. दोन नेऊ. दुसरा मी उचलेन.' विषय संपला.

मेलवरचे चांगले मॅनर्स म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. 'डिअर', 'काइंडली', 'होप धिस मेल फाइंड्स यू वेल', झालं. पण गोड बोलण्यात कधी कधी जे सांगायचं तेच राहून जातं. कोलंबिया अंतराळयानाचं आठवतंय? १६ जानेवारी २००३ ला ते उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. नासातल्या इंजिनियरांना त्या पंखाचे फोटो हवे होते, ते काढले गेले नाहीत. त्यांच्यातल्या एकाने, हा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदार आहे, अशा आशयाचा मेल लिहून काढला... आणि पाठवला नाही. वरिष्ठांना ओलांडून जाणं बरं दिसणार नव्हतं. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. तो न पाठवलेला मेल पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात सापडतो. तो गेला असता तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण न गेलेल्या मेलचा शिष्टाचार कसला करायचा?

आता तिसरा मेल. हा महत्त्वाचा. हा आम्हाला नव्हताच, लीडरच्या बायकोला होता, आम्ही सहा जण फक्त सीसीत. (सीसी म्हणजे कार्बन कॉपी. कार्बन पेपर घालून टाइप केलेली खालची प्रत. ज्याला ती मिळते त्याने फक्त माहिती ठेवायची, काम वरच्या प्रतवाल्याचं.) वहिनी एका बँकेत ऑफिसर आहेत. ट्रेकिंगबद्दल त्यांचं मत, 'तुमचा गड तुम्हाला, माझी गादी मला'. मेल असा होता :

विषय : कृती हवी – शनि. १३ जाने., रात्री ८ पर्यंत आमचा फोन न आल्यास

१. आम्ही ६ जण + बेलपाड्याचे मामा. पहाटे ५ ला बेलपाडा सोडणार, नळीच्या वाटेने कोकणकडा. वर पोचायची वेळ दुपारी ३, फार तर ५. वाट बदलणार नाही.
२. रात्री ८ च्या आत कुणालाही फोन करायची गरज नाही. गडावर आमच्या फोनना रेंज नसेल.
३. ८ वाजता गडावरच्या दादांना फोन कर (आमचं जेवण त्यांच्याकडे आहे, संध्याकाळी रेंजच्या जागी असतात). आम्ही पोचलो नसू तर हा मेल त्यांना वाचून दाखव.
४. ९ पर्यंत आमचा काहीच पत्ता नसेल तर खालच्या दोन नंबरांवर फोन : रेस्क्यूवाले, मग ११२.
५. सगळ्यांचे रक्तगट आणि घरचे नंबर खाली आहेत. घरच्यांना फोन ९ नंतरच, आणि फक्त तूच करायचा.
वाचून झालं की 'मिळाला' एवढंच कळव.

वहिनींचा रिप्लाय आला : 'मिळाला. दादांचा दुसरा नंबर आहे का? एकावर भरवसा नको.' लीडरने दुसरा नंबर दिला. वहिनींनी परत लिहिलं, 'मिळाला.'

नेटवर्किंगचा पेपर दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. टीसीपीमध्ये बोलणं सुरू करायच्या आधी तीन निरोप होतात. मी आलोय, बरं ये, आलो. हे तीन झाल्याशिवाय पुढे काही पाठवत नाहीत. गंमत म्हणजे दोरावर अगदी हेच असतं. खालचा ओरडतो, 'येऊ?' वरचा दोर ताणून ओरडतो, 'ये!' मग खालचा, 'आलो!' आणि मगच पहिला पाय उचलायचा. वरच्याचा 'ये' ऐकू आला नाही तर तुम्ही कितीही हुशार असा, तिथेच उभं राहायचं. पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे, हे डोंगरात लगेच कळतं, कारण त्याची फी तिथल्या तिथे भरावी लागते. ऑफिसात ती गुरुवारपर्यंत उधारीवर चालते, एवढाच फरक.

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो. आळेफाटा, माळशेज घाट, मोरोशी, आणि तिथून आत बेलपाडा. ड्रायव्हर गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी खिरेश्वरला येणार. मामांच्या ओसरीवर दोन तास आडवे झालो आणि पाचला बॅटऱ्या लावून निघालो. अमावास्या दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली, त्यामुळे काळोख असा की मामांचा पांढरा सदरा तेवढा पुढे हलताना दिसत होता.

ओढा झाला, धोंडे झाले, उजाडलं. साडेनऊला नळीच्या तोंडाशी. इथे मामांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, 'हितनं फुडं एकाच्या डोस्क्यावर दुसऱ्यानं चालायचं नाय. वरचा हलला की खालच्यानं कडंला व्हायचं. आन दगड सुटला तर बोंबलायचं. लाजायचं नाय.'

पहिला कातळटप्पा बरा गेला. दुसऱ्याच्या आधी घसाऱ्यावर, साडेबाराच्या सुमारास, बंगळूरच्या पायाखालून एक दगड निसटला. नारळाएवढा असेल. पण पोरगं तयारीचं, त्याच क्षणी जिवाच्या आकांताने ओरडलं, 'दगऽऽड!'

खाली नाशिककर आणि मी. वर बघायचं नाही, हे आधी सांगितलेलं होतं. (वर बघितलं तर हेल्मेटच्या जागी तोंड पुढे होतं.) आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. पहिला टप्पा खाडकन कुठेतरी, दुसरा माझ्या डाव्या बाजूने भुर्रकन, आणि मग नाशिककरचा एक चमत्कारिक आवाज, ओरडणं नव्हे, श्वास आत ओढल्यासारखा. दगड त्याच्या उजव्या मनगटाला चाटून गेला होता. एक फूट इकडे असता तर मी हे असं हलकंफुलकं लिहीत बसलो नसतो. मनगट पाच मिनिटांत टम्म सुजलं. बोटं हलत होती, पण पकड शून्य. (सोमवारी एक्स-रेत बारीक तडा निघाला.)

तो एक शब्द म्हणजे मी आजवर पाहिलेला सर्वोत्तम मेल आहे. सगळ्यांना पाठवायलाच हवा असा, वेळेवर, मुद्दा पहिल्याच शब्दात, आणि ऐकणाऱ्याला काय करायचं हे आधीपासून ठाऊक. 'फ्रेंड्स, जस्ट वॉन्टेड टु इन्फॉर्म यू...' असं सुरू केलं असतं तर दगड बेलपाड्याला पोचला असता. 'रिप्लाय ऑल' वाईट नसतं हो. दगड सगळ्यांच्या डोक्यावर येत असेल तर सगळ्यांनाच सांगायचं. आपल्याकडे होतं काय, की वाढदिवसाच्या केकसाठी सगळ्यांना मेल जातो आणि दगड मात्र एकट्याच्या मनात राहतो.

परत फिरायचं की वर जायचं? मामा म्हणाले, एका हाताने हा घसारा उतरणं जास्त वाईट, वर दोर लावून नेऊ. मग दोन दोर कामी आले. एकाने आम्ही चढायचं, दुसऱ्याने नाशिककरला बांधून अक्षरशः वर घ्यायचं. क्यूएकडे बघून कुणी काही बोललं नाही, बंगळूरने फक्त तिची सॅक न सांगता आपल्या खांद्यावर घेतली.

पण वेळ? एका माणसाला दहा मिनिटं लागायची तिथे पस्तीस. तीन वाजले, पाच वाजले. सव्वासहाला सूर्य मावळला आणि आम्ही अजून शेवटच्या टप्प्याच्या खाली. पाणी दोन बाटल्या. वारा सुटलेला. सीए एका कपारीत पाठ टेकून बसला होता आणि कुणाकडे बघत नव्हता. मामा म्हणाले, अंधारात तो टप्पा चढायचा तर वरून कुणीतरी दोर धरलेला बरा. वर कोण असणार?

सात वाजता क्यूए म्हणाली, 'वहिनी आत्ता घाबरून फोनाफोनी करत असतील का रे?' लीडर म्हणाला, 'नाही. आठ वाजता करेल.' इतक्या शांतपणे म्हणाला की आम्हालाही धीर आला. खरं सांगतो, त्या काळोखात पाण्यापेक्षा त्या वाक्याचा आधार जास्त वाटला. कुणीतरी ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणार आहे, हे माहीत असणं काय असतं ते तिथे कळतं. आम्ही संक्रांतीसाठी नेलेले तिळाचे लाडू काढले आणि आठ वाजायची वाट बघत बसलो.

आठ वाजता पुण्यात वहिनींनी फोन लावला. पहिला नंबर लागेना, दुसरा लागला! दादा म्हणाले, नाही आले अजून. वहिनींनी मेल वाचून दाखवला. किती जण, कुठली वाट, मामा बरोबर आहेत, वाट बदलणार नाही. त्या शेवटच्या तीन शब्दांमुळे दादांना गडभर शोधत फिरावं लागलं नाही. ते दोन पोरं, दोर आणि मोठ्या बॅटऱ्या घेऊन सरळ नळीच्या माथ्यावर आले. पावणेनऊच्या सुमारास आमच्या डोक्यावर शिट्टी वाजली. आम्ही वाजवली. वरून परत वाजली. 'येऊ?' 'ये!' 'आलो!'

पोरांपैकी एक जण रेंजच्या जागी पळत गेला आणि ८ वाजून ५५ मिनिटांनी त्याने वहिनींना सांगितलं की दिवे दिसले, आवाज आला, सगळे आहेत. नऊचा फोन करावाच लागला नाही. पावणेअकराला आम्ही कोकणकड्यावर पिठलं-भाकरी खात होतो. सीएने चार भाकऱ्या खाल्ल्या. नाशिककरला डाव्या हाताने जमेना, तर दादांच्या आईने त्याला भरवलं. 'लाज कसली पोरा, खा.'

आता कथेचा दुसरा भाग, जो दुसऱ्या दिवशी दुपारी खिरेश्वरला उतरल्यावर, फोनला रेंज आल्यावर कळला.

सीसीतल्या सहापैकी एकाच्या घरी (कोण ते सांगत नाही, घरी जेवायला जायचंय) तो मेल उघडा होता. त्याच्या मेव्हण्याने तो संध्याकाळी सहाला पाहिला आणि काळजीपोटी पुढे पाठवला. सोळा जणांना. विषय बदलून : 'अर्जंट!!! मिसिंग???' रात्री दहापर्यंत एकतीस रिप्लाय. 'एनी अपडेट?' 'हेलिकॉप्टर मिळतं का?' 'मी तेव्हाच म्हटलं होतं.' एक मावसभाऊ अमेरिकेतून, 'कीप मी पोस्टेड'. आमच्यातल्या एकाच्या आईला रात्री साडेआठला कुणीतरी फोन करून सांगितलं की तुमचा मुलगा दरीत अडकलाय. त्या माउलीने रात्र कशी काढली असेल? वहिनींचा मेल मात्र ९ वाजून २ मिनिटांनी सगळ्यांच्या घरी गेलेला होता :

विषय : सगळे सुखरूप – काही करायची गरज नाही
सातही जण सुखरूप. गडावरची माणसं त्यांच्याजवळ पोचली आहेत. एकाच्या हाताला मार, बोटं हलतात. उद्या दुपारी २ नंतर ते स्वतः फोन करतील.

फक्त तो एकतिसांच्या ढिगात तिसाव्या नंबरावर होता. आईंनी तो पाहिला पहाटे चारला.

मेव्हणे वाईट नाहीत हो. काळजी त्यांना वहिनींइतकीच होती. पण मेलात वर लिहिलं होतं, आठच्या आत कुणाला काही करायची गरज नाही. ते वाचलं गेलं नाही, आणि हात फॉरवर्डवर गेला. सोळा माणसं रात्रभर जागी राहिली आणि सोळातल्या एकाच्याही हातून आमच्यापर्यंत साधा दोरा पोचला नाही.

इंटरनेटवर वागावं कसं यावर एक जुना दस्तऐवज आहे, आरएफसी १८५५, ऑक्टोबर १९९५ चा, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला. गुगलच्याही आधीचा! त्यात आहे की विषयाची ओळ मजकुराला धरून असावी, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं, डोकं तापलं असताना रात्रभर थांबावं, पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते मेलात लिहू नये. आणि उत्तर देताना आपण नक्की कुणाला देतोय ते बघावं. वाचताना वाटतं, अरे, हे तर आपले आजोबा!

आमच्या ग्रुपमध्ये आता काही गोष्टी न बोलता ठरून गेल्यात. जाणाऱ्यांचा थ्रेड वेगळा, गप्पांचा वेगळा. 'टू' मध्ये एकच माणूस, ज्याने काम करायचंय तो. विषयात तारीख आणि वेळ. 'मिळाला' आल्याशिवाय गाडी पुण्यातून हलत नाही. हे मी ऑफिसातही सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, 'मेलमध्ये फारच रुक्ष झालास रे.' महिन्याभराने त्याच्या स्वतःच्या मेलात 'कृती हवी' दिसू लागलं. आपण काही बोललो नाही. :)

तेव्हा मंडळी, उद्या सोमवार. 'सेंड' दाबायच्या आधी एवढंच बघा की पत्रास कारण काय, आणि खाली उभा असलेला माणूस कोण. दगड असेल तर पहिल्या शब्दात सांगा. नसेल तर उगाच ओरडू नका.

कळावे, लोभ असावा.

ता. क. – नाशिककरचा हात आता ठणठणीत आहे. नळीच्या वाटेने पुन्हा जायचं म्हणतोय. लीडरने अजून मेल केलेला नाही, पण वहिनींनी तिसरा नंबर मागून ठेवलाय.